एसएमपीएस टेस्टर, डिबग कार्ड की बझर? सुरू न होणाऱ्या पीसीसाठी काय घ्यावं, काय सोडावं

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, किंवा पंखे फिरले पण स्क्रीन काळीच राहिली, की शोधाशोधीत तीन वस्तू हमखास समोर येतात: पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची, म्हणजे एसएमपीएसची, चाचणी घेणारा एलसीडी पडद्याचा टेस्टर, दोन आकडे दाखवणारं डिबग कार्ड आणि मदरबोर्डच्या चार पिनांवर बसणारा चिमुकला बझर. एकाच नमुन्यावर बेतलेल्या या वस्तू ढीगभर नावांनी विकल्या जातात, त्यामुळे इथे परीक्षण एखाद्या ब्रँडचं नसून त्या प्रकाराचं आहे. जोडीला साधा डिजिटल मल्टिमीटरही धरला आहे, कारण टेस्टर घ्यावा की नाही हे बऱ्याच अंशी घरात मल्टिमीटर आहे का यावर ठरतं.

निकाल आधीच सांगतो. बझर घ्याच. मल्टिमीटर घ्या. टेस्टर सोयीसाठी घ्यायचा असेल तर त्याच्या मर्यादा समजून घ्या. डिबग कार्ड जुने बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांसाठी ठीक, घरच्या नव्या पीसीसाठी जवळजवळ निरुपयोगी.

एलसीडी टेस्टर: 'नापास' खरा, 'पास' अर्धवट

तळहातात मावेल एवढा डबा. एका कडेला २४ पिनांचं सॉकेट, इतर कडांना सीपीयूच्या ४ आणि ८ पिनांचं, ग्राफिक्स कार्डच्या ६ आणि ८ पिनांचं, शिवाय डिस्क वगैरेंना वीज देणारे साटा आणि मोलेक्स. एसएमपीएसची २४ पिनी केबल मदरबोर्डवरून काढून यात बसवायची आणि मागचा स्विच चालू करायचा. टेस्टर स्वतःच हिरवी तार जमिनीला (ग्राउंड, म्हणजे काळ्या तारेला) जोडून एसएमपीएस सुरू करतो आणि पडद्यावर +१२, +५, +३.३, −१२, स्टँडबायचे, म्हणजे पीसी बंद असतानाही येणारे, ५ व्होल्ट आणि 'पीजी' म्हणजे पॉवर गुडचा, 'पुरवठा नीट आहे' या खुणेचा, वेळ मिलिसेकंदांत दाखवतो. व्होल्टेज मर्यादेखाली असेल तर आकड्याच्या जागी 'एलएल', वर असेल तर 'एचएच', आणि सोबत पीं पीं.

मर्यादा पाठ असलेल्या बऱ्या. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे मुख्य रेल्सना, म्हणजे +१२, +५ आणि +३.३ च्या पुरवठ्यांना, ५ टक्के इकडेतिकडे चालतं: १२ व्होल्ट म्हणजे ११.४० ते १२.६०, ५ म्हणजे ४.७५ ते ५.२५, ३.३ म्हणजे ३.१४ ते ३.४७. −१२ ला १० टक्के सूट आहे. पॉवर गुड १०० ते ५०० मिलिसेकंदांत यायला हवा.

पहिली अडचण इथेच. बहुतेक स्वस्त टेस्टर दशांशानंतर एकच आकडा दाखवतात. ३.३ च्या रेलवर '३.१' दिसलं तर खरा आकडा ३.१४ असेल, म्हणजे काठावर पास, किंवा ३.०६ असेल, म्हणजे सपशेल नापास. पडद्यावरून कळायला मार्ग नाही. १२ व्होल्टांसाठी एक दशांश पुरतो, ३.३ साठी नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. टेस्टरच्या आत भार म्हणून फक्त काही रेझिस्टर असतात. त्यांनी खेचलेली वीज खऱ्या पीसीच्या मानाने नगण्य. आतले कपॅसिटर सुकलेला एसएमपीएस रिकामा असताना १२.१ दाखवतो आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड ओढू लागले की कोसळतो. टेस्टर त्याला छानपैकी पास करतो. व्होल्टेजवरचा रिपल, म्हणजे एसी-डीसी रूपांतरातून उरलेली थरथर, तर त्याला दिसतच नाही. १२ व्होल्टांवर ती १२० मिलिव्होल्टांपर्यंत आणि ५ व ३.३ वर ५० मिलिव्होल्टांपर्यंत चालते, पण ती मोजायला ऑसिलोस्कोप लागतो.

मग हा डबा करतो तरी काय? मेलेला एसएमपीएस मेलेला आहे हे अर्ध्या मिनिटात सांगतो. पडदाच उजळला नाही तर स्टँडबायसुद्धा येत नाहीये. पण तसं ठरवण्याआधी मागचा स्विच आणि पॉवर केबल तपासा. मॉनिटरची केबल बहुतेक वेळा त्याच टोकाची असते, ती लावून बघा. याहून उपयोगी गोष्ट म्हणजे टेस्टर एसएमपीएसला बाकीच्या पीसीपासून वेगळा काढतो. कॅबिनेटमध्ये पंखा क्षणभर हलून थांबतो आणि टेस्टरवर मात्र सगळे आकडे नीट येतात, असं दिसलं तर शॉर्टचा संशय पुढच्या भागांवर जातो: बोर्डखाली राहिलेला जास्तीचा पितळी स्टँडऑफ, वाकलेली यूएसबी पिन, जळालेलं ग्राफिक्स कार्ड. एसएमपीएसचं शॉर्ट-संरक्षण आपलं काम करतंय, एवढाच त्याचा अर्थ. मात्र भाराखाली कोसळणारा एसएमपीएसही नेमकं असंच वागू शकतो, म्हणून त्याचं नाव यादीतून पुसू नका.

वापरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. '+१२ व्ही २' समोर 'एलएल' बघून लोक एसएमपीएस फेकायला निघतात. सीपीयूची ४ किंवा ८ पिनी केबल टेस्टरला लावलेली नसली की तिथे तेच दिसणार. उलट, सीपीयूची ८ पिनी केबल ग्राफिक्सच्या ८ पिनी सॉकेटमध्ये रेटू नका. दिसायला भावंडं, पण १२ व्होल्ट आणि जमीन यांच्या जागा उलट आहेत. खाचांचे आकार वेगळे असल्यामुळे सहज बसत नाही, म्हणून बसत नाही म्हणजे बसवायची नाही. पंखा फिरत नाही म्हणून एसएमपीएस मेला असंही समजू नका. कमी भाराला पंखा बंद ठेवणारे एसएमपीएस बरेच आहेत आणि टेस्टरचा भार कमीच असतो. आणि हो, ते रेझिस्टर तापतात. आकडे वाचा आणि बंद करा. अर्धा तास चालू ठेवून 'स्ट्रेस टेस्ट' होत नाही.

खरेदी करताना सॉकेट बघा. २०२२ मध्ये एटीएक्स ३.० सोबत ग्राफिक्ससाठी १६ पिनांचा कनेक्टर आला, तो जुन्या नमुन्याच्या टेस्टरवर नसतो. फक्त १२ व्होल्ट देणाऱ्या एटीएक्स १२ व्हीओ एसएमपीएसचा मुख्य कनेक्टर १० पिनांचा आहे, त्यामुळे हा टेस्टर तिथे लागतच नाही. मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये स्वतःच्या मापाचे ६, ८ किंवा १० पिनांचे कनेक्टर असतात. तिथेही हात हलवत परत. काही जुन्या ब्रँडेड मशीनमध्ये तर कनेक्टर एटीएक्ससारखाच दिसतो पण तारांचा क्रम वेगळा असतो. रंग जुळत नसतील तर टेस्टर लावू नका.

मल्टिमीटर: जांभळी, हिरवी, करडी

टेस्टर एसएमपीएसला बाहेर काढून तपासतो. मल्टिमीटर तो पीसीत जोडलेला असतानाच, खऱ्या भारासकट तपासतो. हा फरक निर्णायक आहे. मीटर डीसी २० व्होल्टांवर ठेवा, काळी प्रोब मोलेक्सच्या काळ्या तारेत किंवा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूवर, आणि लाल प्रोब २४ पिनी कनेक्टरच्या मागून, तार जिथे शिरते त्या फटीतून आत. प्रोबचं टोक बारीक हवं. एकाच वेळी दोन पिनांना लागलं तर शॉर्ट झालाच, म्हणून घाई नको.

तीन तारा, याच क्रमाने.

जांभळी, पिन ९, स्टँडबायची. पीसी बंद असतानाही इथे ५ व्होल्ट हवेत. शून्य असेल तर आधी बाहेरची वीज, केबल, मागचा स्विच. तरीही शून्य तर बहुधा एसएमपीएस गेला. खात्रीसाठी २४ पिनी केबल बोर्डवरून काढून पुन्हा मोजा. काढल्यावर ५ आले तर बोर्ड स्टँडबाय खाली ओढतोय. ४.३-४.५ असं काही दिसलं तर दोन-तीनदा बटण दाबल्यावर चालू होणाऱ्या पीसीचं कोडं इथेच सुटतं: स्टँडबाय विभागातले कपॅसिटर थकलेले असतात. रिकामा टेस्टर हाच एसएमपीएस पास करू शकतो.

हिरवी, पिन १६. बटण दाबण्याआधी २ व्होल्टांच्या वर, बहुतेकदा ३ ते ५ च्या दरम्यान. बटण दाबल्यावर ०.८ च्या खाली आलीच पाहिजे. आली नाही तर बोर्डने एसएमपीएसला 'सुरू हो' असं सांगितलेलंच नाही. मग कॅबिनेटच्या बटणाची तार काढा आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. पीसी सुरू झाला तर दोष त्या बटणाचा. रिसेटचं बटण असेल तर त्याची तार पॉवरच्या पिनांवर लावून काम भागतं. अडकून बसलेलं रिसेट बटणही बोर्डाला जागं होऊ देत नाही, तेव्हा तपासताना तीही तार काढून ठेवा.

करडी, पिन ८, पॉवर गुडची. हीच तार लोक विसरतात. एसएमपीएस सुरू झाल्यावर काही शे मिलिसेकंदांत इथे २.४ च्या वर, सहसा ५ च्या जवळ व्होल्टेज यायला हवं. पंखे फिरतायत, १२ व्होल्ट आहेत, पण करडी शून्यावरच, म्हणजे एसएमपीएस स्वतःच सांगतोय की माझा पुरवठा भरवशाचा नाही. बोर्ड मग प्रोसेसरला रिसेटमध्ये धरून ठेवतो. 'पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही' अशा पीसीवर रॅम आणि ग्राफिक्स कार्ड बदलत बसण्याआधी ही एक तार मोजली तर पुष्कळ वेळ वाचतो.

हिरवी खाली आली, पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट क्षणभर आले आणि सगळं बंद झालं, असं असेल तर सीपीयूची ८ पिनी केबल काढून पुन्हा बटण दाबा. आता पंखे फिरत राहिले तर दोष प्रोसेसरला वीज देणाऱ्या विभागात किंवा प्रोसेसरमध्येच. बोर्डावरच्या त्या भागातला एखादा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेला असणं हे नेहमीचं कारण. तरीही बंद पडत असेल तर ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पुढचे यूएसबी असं एकेक काढत जा.

सगळ्या तारा काळ्या असलेल्या एसएमपीएसमध्ये रंगांचा उपयोग नाही. पिन क्रमांकांची आकृती जवळ ठेवा. हिरवीचं एक बरं आहे: तिच्या दोन्ही शेजारच्या पिना, १५ आणि १७, जमिनीच्याच आहेत. त्यामुळे केबल बोर्डवरून काढून, १६ आणि १७ मध्ये पेपरक्लिप घालून एसएमपीएस एकटा सुरू करता येतो. तसं करताना जुनी हार्ड डिस्क किंवा कॅबिनेटचा पंखा भार म्हणून लावा. जुन्या बनावटीचे एसएमपीएस बिनभाराचे चालवले की आकडे भलतीकडेच जातात. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

मल्टिमीटरचा आणखी एक छोटा उपयोग: बोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल सेल. नवा असताना ३ व्होल्टांच्या वर, २.७ च्या खाली गेला की बदला. सेल संपल्यामुळे पीसी अजिबात सुरू न होणं कमीच घडतं. जास्त करून घड्याळ मागे पडतं आणि बायोसची, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डमधल्या प्रोग्रॅमची, सेटिंग उडतात. पण सेटिंग उडाली की बूटचा क्रम आणि डिस्कचा मोडही उडतो, आणि मग विंडोज येत नाही.

बझर: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कामाचा

काळ्या गोळीएवढा स्पीकर, दोन तारा, चार पिनांचं टोपण. बोर्डच्या खालच्या कडेला, पॉवर बटणाच्या पिनांजवळ 'स्पीकर' किंवा 'एसपीके' असं छापलेलं असतं तिथे बसतो. उलटा बसला तर काही जळत नाही. आवाज आला नाही तर फिरवून लावा. पूर्वी कॅबिनेटसोबत यायचा, आता बहुतेक वेळा येत नाही, आणि सुट्या भागांतून जुळवलेल्या पीसीत तो नसल्याचं बंद पडल्याच्या दिवशीच लक्षात येतं.

याची खरी किंमत एका चाचणीत आहे. पीसी बंद करा, प्लग काढा, रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढा, पुन्हा चालू करा. बझरने मेमरी नसल्याची तक्रार केली तर प्रोसेसर चालतोय, बायोस वाचला जातोय, पॉवर गुड मिळालाय. अर्धा बोर्ड एका आवाजात निर्दोष सुटला. आता एक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून पुढे जा. चार स्लॉटच्या बोर्डवर सहसा प्रोसेसरकडून मोजून दुसरा. ती चालली नाही तर दुसरी पट्टी, मग दुसरा स्लॉट. दोन्ही टोकांची खटकी बसल्याचा आवाज आला पाहिजे. एकाच बाजूला खटकी असलेल्या स्लॉटमध्ये दुसरं टोक अर्धवट राहतं आणि वरून बघून कळत नाही.

रॅम नसतानाही बझर गप्पच, तर दोष त्याच्या आधीच्या पायरीवर आहे: एसएमपीएस, सीपीयूची ८ पिनी केबल लावायची राहून गेलेली, प्रोसेसर, वाकलेल्या सॉकेट पिना, बिघडलेला बायोस. किंवा बोर्डला प्रोसेसर ओळखता येईल अशी बायोस आवृत्तीच नाही. जुन्या बोर्डवर नव्या पिढीचा प्रोसेसर बसवल्यावर असं होतं. बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी३२ पेन ड्राइव्हवरून प्रोसेसरविना बायोस बदलता येतो.

सोनेरी टोकं खोडरबराने घासायची सवय सर्वत्र आहे. चालतं, नाही असं नाही, पण रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो आणि मुलामा झिजतो. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसणं बरं. नुसती पट्टी काढून दोनदा बसवल्यानेही पुष्कळ पीसी जागे होतात.

बीपचे तक्ते मात्र सांभाळून वापरा. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोटे म्हणजे ग्राफिक्सचा दोष. एसूसच्या बोर्डवर तेच एक लांब-दोन छोटे म्हणजे मेमरी सापडली नाही, आणि ग्राफिक्ससाठी एक लांब-तीन छोटे. जुन्या एएमआयमध्ये तीन छोटे मेमरीचे, आठ ग्राफिक्सचे. म्हणजे तक्ता आपल्या बोर्डच्या मॅन्युअलमधलाच हवा. काही बोर्ड जोडलेल्या यूएसबी वस्तूंसाठीही छोटे बीप देतात. तपासताना कीबोर्ड सोडून सगळं काढून ठेवलं की तो गोंधळ टळतो.

बझरची एक उणीव आहे: काही नव्या बोर्डांवर स्पीकरच्या पिनाच नसतात. त्याऐवजी बोर्डवर चार छोटे दिवे असतात, सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट. कंपनीगणिक नाव वेगळं, काम तेच. चारही क्रमाने लागून विझतात. जो लागून राहिला तिथे गाडी अडली. बोर्डवर हे दिवे असतील तर बझर नसला तरी चालेल. एक सावधगिरी: डीडीआर५ असलेला पीसी पहिल्यांदा सुरू होताना, किंवा रॅम बदलल्यावर, किंवा सीएमॉस साफ केल्यावर, म्हणजे बायोसची सेटिंग पुसल्यावर, मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेतो. डीरॅमचा दिवा काही मिनिटं तसाच लागून राहतो, स्क्रीन काळी असते आणि माणूस घाबरून बटण दाबून धरतो. मग ट्रेनिंग पहिल्यापासून. पंधरा मिनिटं हात लावू नका.

व्हीजीएचा दिवा लागला तर आधी केबल बघा. ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावलेला असणं ही इतकी सामान्य चूक आहे की ती यादीत वरच ठेवावी. उलट बाजूने, कार्ड काढून बोर्डच्या पोर्टवर तपासायचं असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असावं लागतं. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसतं. तिथे बोर्डच्या पोर्टवर काहीच येणार नाही आणि बोर्ड बिचारा बदनाम होईल.

डिबग कार्ड: आकडे आहेत, अर्थ नाही

पीसी सुरू होताना बायोस प्रत्येक पायरीला एक कोड पोर्ट ८० या ठरलेल्या पत्त्यावर लिहितो. कार्ड तो पकडून दोन अंकी हेक्स आकडा दाखवतं. कल्पना उत्तम. पीसीआय स्लॉटच्या काळात कार्ड कुठेही लावलं तरी चालायचं. अडचण अशी, की नव्या बोर्डांवर पीसीआय स्लॉटच उरलेले नाहीत आणि पोर्ट ८० चं लिखाण पीसीआय एक्सप्रेस स्लॉटपर्यंत सहसा पोचत नाही. म्हणून पीसीआय एक्सप्रेसच्या नावाने विकलं जाणारं स्वस्त कार्ड बहुतेक बोर्डांवर '००', 'एफएफ' किंवा नुसत्या रेघा दाखवत बसतं. घेणाऱ्याला वाटतं बोर्ड मेला. मुळात कोड त्या स्लॉटवर आलेलाच नसतो. बोर्डवरच्या एलपीसी नावाच्या पिनांच्या जोडणीवर (हेडरवर) लागणारी कार्डं जास्त भरवशाची, पण ते हेडर बोर्डवर हवं आणि त्याची पिनरचना कार्डाशी जुळायला हवी.

सोबत येणारी पुस्तिका हा वेगळाच विषय. तीत जुन्या अवॉर्ड, एएमआय, फिनिक्स बायोसचे कोड असतात आणि यूईएफआय, म्हणजे नव्या धाटणीच्या बायोसच्या, बोर्डांवर ते लागू पडत नाहीत. एएमआयच्या यूईएफआयमध्ये ५५ म्हणजे मेमरी सापडली नाही, ९२ म्हणजे पीसीआय बसची जुळवाजुळव सुरू, ए२ म्हणजे डिस्क शोधणं चालू, डी६ म्हणजे चित्र दाखवायला साधनच सापडलं नाही. ए२ वर अडलेला पीसी साटा केबल काढल्याबरोबर पुढे गेला, तर ती डिस्क किंवा केबल गुन्हेगार. एएमआयच्या यूईएफआय बोर्डवरच दोन अंकी पडदा असेल तर हे कोड फार कामाचे, आणि त्यासाठी वेगळं कार्ड लागतही नाही.

जुन्या पीसीआय बोर्डवर मात्र कार्डावरचे दिवे आकड्यांपेक्षा बोलके असतात. ५, १२ आणि ३.३ व्होल्टांचे दिवे, क्लॉकचा दिवा आणि रिसेटचा दिवा. रिसेटचा दिवा सुरुवातीला क्षणभर लागून विझायला हवा. लागूनच राहिला तर बोर्ड रिसेटमध्ये अडकलाय आणि पुन्हा त्या करड्या तारेकडे जावं लागतं. कार्ड बसवताना पीसीचा प्लग काढलेला हवा. काही स्वस्त कार्डांना चुकीच्या बाजूने बसू नये अशी नीट खाच नसते. उलटं बसलं तर कार्ड तर जातंच, बोर्डही जाऊ शकतो.

जे यातलं काहीच करत नाही

लोगो दिसतो, बायोसमध्ये जाता येतं, पण विंडोज येत नाही. इथे वरच्या चारही वस्तू कपाटात ठेवा. इथलं अवजार पेन ड्राइव्ह: निदान ८ जीबी, चालू असलेल्या दुसऱ्या पीसीवर विंडोजचं इन्स्टॉलेशन माध्यम बनवलेला. बायोसमध्ये आधी डिस्क दिसते का ते बघा. दिसतच नसेल तर केबल बदला किंवा एनव्हीएमई एसएसडीची पट्टी काढून पुन्हा बसवा, स्क्रू घट्ट करा. डिस्क दिसते पण विंडोज निळी स्क्रीन देऊन 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणतं, तर सीएमॉस साफ केल्यावर किंवा सेल बदलल्यावर डिस्कचा साटा किंवा व्हीएमडी मोड बदललाय का ते तपासा. पूर्वीचा मोड परत लावला की बहुतेकदा विंडोज जसंच्या तसं उभं राहतं. अशा वेळी घाईने पुन्हा इन्स्टॉल करणारे स्वतःचा डेटा विनाकारण पणाला लावतात.

दुसऱ्या पेन ड्राइव्हवर रॅम तपासणारा मेमटेस्ट ठेवा. मेमटेस्ट८६ ची मोफत आवृत्ती चार फेऱ्यांपर्यंत चालते आणि घरच्या कामाला तेवढं पुरतं. एकही चूक दिसली तर पट्ट्या एकेक करून तपासा. 'एखादी चूक चालते' असं रॅममध्ये नसतं. एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग, चालू असेल तर ते बंद करून पुन्हा तपासा. पुष्कळदा रॅम निर्दोष असते, वेग तिला झेपत नसतो.

सीएमॉस साफ करण्याआधी एक गोष्ट मात्र बघाच. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन, असेल तर बायोसची सेटिंग किंवा टीपीएम (सुरक्षेची चिप) बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर डिस्क वापरणाऱ्याच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली असते आणि की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. सीएमॉस साफ करणाऱ्या जंपरला हात लावण्याआधी फोनवरून त्या खात्यात जाऊन की दिसते का ते पाहा आणि कागदावर उतरवून घ्या.